नेमकं कुठे दुखतं

वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना मी शिडीवरून पडले, त्याला आता बरीच वर्षं झाली. खांद्याचं हाड जुळलं, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. मी पडले वाचणारी बाई, त्यामुळे डॉक्टरांना ते अगदी शब्द निवडून सांगायची: पहाटे ठसठसतं, केस विंचरताना आतून कुणी तार ओढल्यासारखं होतं.

"वर्णन छान करता हो तुम्ही," असं म्हणून डॉक्टर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून द्यायचे.

मग शेजारच्या खुर्चीतून आई तोंड घालायची. "अहो डॉक्टर, हिच्या हसण्यावर जाऊ नका. बोट दारात चेमटलं तर ही दाराला सॉरी म्हणते. ते बोगद्यात घालून फोटो काढतात ना, तो काढा एकदा."

"बघू पुढच्या वेळी, आजी."

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच एकटी गेले. डॉक्टरांनी माझा हात धरून वर उचलला आणि सहज विचारलं, "आज आई नाही आल्या?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी हमसून हमसून रडायला लागले. शब्द एकही सापडेना. त्यांनी घाबरून माझा हात अलगद खाली ठेवला आणि तिथल्या तिथे एमआरआय लिहून दिला. "अहो, एवढं दुखत होतं तर आधी सांगायचं ना!"

 

खांदा त्या दिवशी मुळीच दुखत नव्हता, पण चिठ्ठी परत घेतील या भीतीने मी निमूट मान डोलावली.