थेट विमान

रविकांत ओमानच्या सलाला शहरात दवाखान्यात कामाला होता. हैदराबादहून तिथं थेट विमान होतं तोवर तो दरवर्षी घरी नायगावला यायचा. विमान बंद झालं आणि त्याचं येणंही थांबलं. तीन वर्षं तो फोनवर एकच सांगायचा, "विमानच न्हाई तर कसा येऊ?" शेवटी त्याची बायको लुंबिनी नांदेडच्या तिकीट एजंटकडं गेली. "थेट बंद हाय, ताई," एजंट म्हणाला. "पण मस्कतला विमान बदलून लोक रोज येऊन राहिलेत." तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "मस्कतवरून विमान हाय म्हणे. या की." पलीकडून त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" लुंबिनीनं फोन बंद केला आणि त्याच्यापासून लपवून काढलेला स्वतःचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. "सलालाचं एक तिकीट द्या." "परतीचं कधीचं काढू?" "तिथं बघून सांगते."