आईच्या मापाचं

दाराआडून कात्रीचा आवाज आला आणि लेकीने खांदा मारून कडी उखडली.

तिला आत यायची मनाई होती. ज्यू समाजात मेलेल्या बाईला न्हाऊ घालायचं ते अंत्यविधी मंडळाच्या बायकांनी. पोटच्या पोरीने बाहेर बसायचं. ती बसली होती. पाणी ओतल्याचा आवाज, पुटपुटलेल्या प्रार्थना, सगळं तिने दातावर दात ठेवून ऐकून घेतलं. पण कात्री कशाला?

आई टेबलावर चादरीखाली होती. मंडळाची मुख्य, जिला लहानथोर सगळे मावशी म्हणत, ती आईच्या कफनाची, बाह्या लावून शिवलेल्या सदऱ्याची, पाठ उभी चिरत होती. मानेपासून निम्मं चिरून झालं होतं. पाट्यावर रुमाल टाकावा, तसं ते पांढरं कापड आईच्या छातीवर दिसत होतं.

"वरून नुसतं पांघरू," मावशी दुसऱ्या बाईला सांगत होती. "मातीत कोण बघायला येतंय?"

लेकीच्या मुठीत मावशीच्या डोक्याचा रुमाल आला आणि त्याखालचे केसही आले. तिने ते डोकं भिंतीवर आपटलं. बादली लवंडली. दुसरी बाई मधे पडली, तिच्या बरगडीत कोपर बसलं आणि ती कळवळून खाली बसली. मृताच्या देखत आवाज चढवायचा नाही, असा या खोलीचा नियम होता. लेकीने तो पायाखाली घातला.

"मेल्यावरही सोडत नाही तुम्ही तिला?"

एकदा लग्नाच्या मांडवात आईखालची खुर्ची मोडली, तेव्हा नवरीपेक्षा जास्त लोकांनी तिच्याकडे पाहिलं होतं. शनिवारी, शब्बाथच्या जेवणात याच मावशीने सगळ्यांसमोर तिच्या हातातली ताटली काढून घेतली होती. "तुझ्याच भल्यासाठी गं," असं म्हणत. आईही सगळ्यांबरोबर हसली होती. घरी येऊन पोटाला पंचा आवळून झोपली होती, इतका घट्ट, की सकाळी तो कातडीला चिकटला होता. आणि शेवटी पोटात सुरी फिरवल्यासारखं दुखायला लागलं, तर डॉक्टरने पोटाला हात न लावता वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं. आधी हे उतरवा, मग बघू. त्याने बघितलं तेव्हा आतली गाठ फुटलेली होती.

लेकीने मावशीच्या थोबाडीत मारली. एकदा, आणि मग उलट्या हाताने पुन्हा.

"अख्ख्या समाजाची कफनं तिने शिवली, मावशी. तुमचंसुद्धा शिवून ठेवलंय. आणि तिच्यासाठी हातभर कापड जास्त काढायला तुमच्या जिवावर आलं?"

मावशीचा ओठ फुटला होता. तिने हात उगारला नाही. रक्ताचा थेंब कफनावर पडू नये म्हणून मान तेवढी वळवली.

"शिवण बघ," ती म्हणाली.

"काय बघू?"

"बघ तर."

लेकीने कापड हिसकावलं. लांब, सैल टाके, शेवटाला गाठ नाही. कफन असंच शिवतात. पण हे टाके उलट्या बाजूला कललेले होते. समाजात डाव्या हाताने शिवणारी बाई एकच होती, आणि ती टेबलावर होती.

"सगळ्यांची झाल्यावर तिने आपलंही शिवलं," मावशी म्हणाली. "गाठोडं बांधून माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, अगं, यात तुझा एक पाय जाईल. तर हसायला लागली. म्हणाली, तोवर होईन मी तेवढी."

लवंडलेलं पाणी मोरीकडे वाहत होतं. खाली बसलेली बाई रडायला लागली होती. दुखतंय म्हणून की कशाने, कळत नव्हतं.

"एवढंसं माप तिला दिलं कोणी?" लेकीने विचारलं.

मावशीने पदराच्या टोकाने ओठ पुसला.

"आम्ही," ती म्हणाली.

दुःखात अंगावरचं वस्त्र फाडायची त्यांची रीत. कबरीपाशी लेकीच्या झग्याला, छातीवर, एक चीर पडायची होती. लेक तिथवर थांबली नाही. अर्धं चिरलेलं कफन तिने दोन्ही मुठींत धरलं आणि उरलेलं टरकावलं. बाह्या मुळापासून उपटल्या. जे टाके नखांत सापडेनात, ते दातांनी तोडले. दोरा तिच्या हिरडीत रुतला, तरी ती ओढत राहिली. तिला कोणी अडवलं नाही. तोंडात रक्ताची चव आली आणि हातात फाडण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हाच ती थांबली.

मावशी उठली. भिंतीचा आधार घेत कपाटापर्यंत गेली आणि कोऱ्या कापडाचा अख्खा तागा काढून आणला. रडणारी बाई डोळे पुसत टेप घेऊन पुढे आली.

"टेप नको," लेक म्हणाली.

ती टेबलावर ओणवी झाली. चादरीसकट आईच्या पाठीखाली हात घातले आणि तिला उचलून छातीशी घेतलं. ओली, थंड, जड आई, होती तेवढी सगळी. पलीकडे तिचे हात एकमेकांना पोचले नाहीत.

"एवढी आहे माझी आई," ती म्हणाली. "शिवा."