रोडग्याले बोलावनं नसते

सकाळी साडेआठला आवडाबाईंनी केनवडच्या शिवारात रस्त्याकडेच्या आंब्याखाली उथळ चर खणला आणि गोवऱ्या पेटवल्या. फेब्रुवारीचा तिसरा रविवार, साल १९७४. मंडळीच्या रोडग्यांचा दिवस.

कामं ठरलेली होती. तालुक्याच्या चर्चची माणसं सकाळच्या एस.टी.च्या गाडीनं यायची, प्रत्येक घर आपापलं पीठ, शिवाय कोणी डाळ, कोणी तेल घेऊन. केनवडात ख्रिस्ती घर एकच, एकट्या आवडाबाईंचं. म्हणून आर, म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव, त्यांच्याकडे. कणकेचे गोळे त्या आरात पुरायचे, भाजले की राख झटकून मोडायचे. चाळीस माणसांना पुरतील एवढ्या गोवऱ्या त्यांनी थोड्या थोड्या करून चार दिवस आणल्या होत्या. गुडघा धरलेला होता. त्यामुळंच नाताळानंतर त्या चर्चला गेल्या नव्हत्या.

साडेदहाला विहिरीकडून पंजाबराव आले. मळा त्यांचा, आंबाही त्यांचा. या दिवसाची वांगी दरवर्षी तेच देत. आजही टोपली भरून आणली होती.

"कोनी नाही आलं?"

"येतीन. गाडी लेट असन."

"गाडी मंघाच गेली, बाई. दोन्ही गेल्या."

आवडाबाईंनी काडीनं आर सारखा केला. "मंग तिसरीनं येतीन."

पंजाबरावांनी टोपली खाली ठेवली. "रागावजा नोका. फाट्यावरचा चहावाला लखीराम सांगे, तुमचे लोक औंदा चर्चच्या नव्या हालात जेवून राह्यले. बाकावर बसून. पाटलावानी."

"त्याले कोनं सांगतलं?"

"तुमच्याच मंडळीतल्या दौलतरावनं. मंगयवारी चहा प्याले थांबला होता."

"फाट्यावर?"

"फाट्यावर."

फाट्यापासून आवडाबाईंचं घर दिसत असे.

"मंग तुमाले काहून नाही सांगतलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"रोडग्याले बोलावनं नसते," आवडाबाई म्हणाल्या. "ज्याले याचं तो येते. बोलवाले कोनी येत नाही, तं नोका येऊ म्हनाले कोन येईन?"



"बोलावनं नसते?"

"नसते."

"मंग मी अकरा वर्सं कायची वाट पाहून राह्यलो?"

आवडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं वांगी त्यांची, पाणी त्यांचं. जेवणाच्या वेळी मात्र ते बांधाच्या पलीकडं असत. त्यांना आपल्या हातचं चालत नसेल, असं मंडळीत सगळ्यांनी धरलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या.

पीठ त्यांच्याजवळ एका घरच्या वाट्याचं तेवढं होतं. आठ गोळे झाले. चर भरून फुललेल्या आरात ते एका कोपऱ्यात मावले. डाळ नव्हती, ती दुसऱ्या घराकडं असे. वांगी तशीच आरात टाकली. मीठ पंजाबरावांनी मळ्यातल्या खोपडीतून आणलं.

"हालात बरं नसन काय, बाई? ऊन नाही, धूर नाही."

"हालात पुढच्याची पाठ दिसते," आवडाबाई म्हणाल्या. "इथं तोंड दिसते. भागिरथाबाईनं पोरीचं दुखनं मले इथंच सांगतलं, कनीक मळता मळता. चर्चात दोन वर्सं मांडीले मांडी लावून बसली, तवा नाही सांगतलं."

दीड वाजता रोडगे निघाले. जेवणाआधीची प्रार्थना पाळकसाहेब करत. आवडाबाईंनी मोठ्यानं कधी केली नव्हती. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. बराच वेळ शब्द आला नाही.

"आमेन," पंजाबराव म्हणाले. "तेवढं मले विहिरीवरून पाठ झालं."

आवडाबाईंनी डोळे उघडले आणि पहिला रोडगा मोडून त्यांच्या पानावर ठेवला.

दोघांनी मिळून तीन खाल्ले. अडीचला पंजाबराव वांग्याच्या वाफ्यांत पाणी फिरवायला गेले. आवडाबाई उरलेले पाच फडक्यात बांधून आंब्याखालीच बसून राहिल्या.

साडेचारला तालुक्याकडून गाडी आली. मंडळीतली चार घरं याच रस्त्यानं पुढं राहतात. आंब्याजवळ थांबा नाही. आवडाबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. गाडीला त्यांनी हात केला नाही. गाडी आंबा ओलांडून गेली आणि पन्नासेक पावलांवर जाऊन थांबली.

दार पलीकडच्या अंगाला होतं, कोणी उतरतंय का ते आंब्याखालून दिसत नव्हतं. सुटायची घंटा अजून वाजली नव्हती.