बुटाला चिकटलेलं बी

तण काढायची कंत्राटं आम्ही तिघं घेतो: मी, नवरा आणि धाकटा दीर. सध्या माळावरचं तण काढतोय, ते भारी चिवट. त्याचं बी बुटाला चिकटून घरापर्यंत येतं. म्हणून निघण्याआधी बुटांचे तळ ब्रशनं घासायचे आणि पडलेलं बी पिशवीत बांधायचं, हा आमचा नियम.

तरीही अंगणात, दारापासून फाटकापर्यंत, त्याच तणाची रोपं उगवली. माझा संशय सरळ दिरावर गेला. कामचुकारपणात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"वहिनी, आईशप्पथ, रोज घासतो मी!"

मी त्याचे बूट उलटे करून पाहिले. लख्ख होते.

मग मी रोपांकडे नीट पाहिलं. ती झुबक्यांनी उगवली होती, एकेका पावलाच्या अंतरावर. प्रत्येक झुबका अनवाणी पावलाच्या आकाराचा होता, पाची बोटांसकट. माळावर अनवाणी तर आम्ही कुणीच जात नाही.

"कुणीतरी माळावरून आपल्या घरात येतंय," दीर कुजबुजला.

मी उंबऱ्याजवळच्या झुबक्यापाशी वाकले. बोटं माळाकडे होती, टाच आमच्या दाराकडे.