लाल खूण

मंगरूळपीरच्या राज्यमार्गाचं रुंदीकरण निघालं, आणि ज्या घरावर मी लाल खूण करायचो त्या घरातून एकच ओरड यायची, "साहेब, समोरच्या बाजूनं घ्या ना!" संध्याकाळपर्यंत माझे कान किटले होते. शेवटच्या घराच्या दारात सोजरबाई नावाची म्हातारी बसली होती. रस्त्यापलीकडं नुसती पडीक जमीन आणि एक बाभूळ. इथं तरी कुणाशी वाद नाही, म्हणून मी रंगाचा डबा घेऊन बाभळीकडं वळलो, तर म्हातारी काठी टेकत मागं आली.

"तिकून नका घेऊ साहेब. इकून घ्या, माह्या घरावरून."

"आजी, घर पाडावं लागेल तुमचं. मोबदला मिळेल म्हणून म्हणता का?" मी वैतागलो होतो.

"बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता आमीच केला. मी इथंच गिट्टी फोडत होती, तान्हं लेकरू सावलीले निजवून. थे तापानं गेलं. मुकादमानं अर्ध्या दिवसाची सुटी देली."

"मग?"

"तान्ह्या लेकराले जाळत नसतात साहेब, पुरतात." तिनं बाभळीच्या बुडाकडं बोट केलं.

मी डबा खाली ठेवला. "पण त्यासाठी राहतं घर मोडायचं?"

"थ्या जाग्यावर दारातून नजर राहावी म्हनूनच त इथं घर बांधलं होतं."