मागच्या ब्रेकची तारीख

मागचं चाक निघालं, पण ड्रम काही केल्या उघडेना. एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली मोटरसायकल; इंजिन कालच सुरू झालं होतं, उरला होता हा ब्रेक. ब्रेकचे शू आतल्या आत गंजून धरून बसले होते. मिस्त्रींनी तेल सोडलं, लाकडी हातोडीने ठोकलं, शेवटी एक शिवी हासडली. शिवी लागू पडली.

"नवेच शू टाका, काका," मालकीण म्हणाली. गाडी तिच्या वडिलांची. परवा आईची सत्तरी होती, आणि याच गाडीवर तिला फिरवून आणायचं होतं. "आई मागे बसणार. ब्रेकला हयगय नको."

"या गाडीचे शू आता औषधालाही मिळत नाहीत. यांनाच नवं लायनर लावतो. परवा सकाळी या."

ती गेल्यावर त्यांनी शू रॉकेलने पुसले. काळी भुकटी निघाली आणि खाली ॲल्युमिनियमवर अक्षरं दिसली.

मिस्त्रींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून काम झालं की शूवर तारीख कोरायचं काम बायकोचं. ती खिळ्याने कोरायची, हे न बघता बसवून टाकायचे. गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं ना!

तारीख होती, बारा जून. पण पुढेही काहीतरी होतं. मिस्त्रींनी चष्मा पुसला.

'स्वारी सकाळपासून गप्प.'

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दिवशी कशावरून अबोला धरला होता, ते काही केल्या आठवेना. आणखी किती गाड्यांच्या पोटात ती अशी बोलून ठेवून गेली असेल, कोण जाणे. तिचं घरात एवढंसं अक्षर उरलं नव्हतं. 'शू कामातून गेले, गाडी परत न्या' एवढं मालकिणीला सांगितलं, की हे अक्षर आपलंच. कुणाला कळणार होतं?

पण मागे मालकिणीची आई बसणार होती. मिस्त्री उठले, जुनं लायनर खरवडलं, नवं चिकटवून शिकंज्यात आवळलं.

ठरल्या दिवशी सकाळी ड्रम बंद करण्याआधी त्यांनी खिळा घेतला. तिच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि कोंबडीच्या पायांनी कोरलं, 'अबोला सोडला.'

मालकिणीने रस्त्यावर एक चक्कर मारली. ब्रेक दाबताच गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"वा, काका! आता परत कधी उघडायचा?"

"दहा वर्षं तरी नको." मिस्त्री हात पुसत राहिले. "आणि जो कुणी उघडेल ना, त्याला सांगा. आधी वाच म्हणावं, मग बसव."