एकसष्टावी पट्टी

आतून एक टकटक आली. मंजिरीने बोट पुढच्या पट्टीवर ठेवले.

चर्चचा ऑर्गन म्हणजे एक खोलीच असते. आत हजारभर नळ्या उभ्या असतात. सूर लावणारा त्या नळ्यांमध्ये शिरतो आणि पट्ट्या दाबणारा बाहेर बसतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आणि त्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. म्हणून पद्माकर आजोबांनी लाकडावर टकटक करायची खूण ठरवली होती. एक म्हणजे पुढे चल. दोन म्हणजे तोच सूर पुन्हा. तीन म्हणजे काम संपले, झाकण लाव. ब्रिस्टलमध्ये त्यांनी ऑर्गन बांधायचा कारखाना काढला, तेव्हापासून घरात ही खूण चालत आली होती. मंजिरी सात वर्षांची असल्यापासून बाहेर बसे. आत आजोबा.

आजोबा फेब्रुवारीत गेले. त्यांच्याशिवाय कारखाना चालवायचा धीर मंजिरीला होत नव्हता, तिच्या धाकट्या भावाला, अनयलाही नाही. आज संध्याकाळी दोघे तो बंद करण्याच्या कागदावर सही करणार होते. या चर्चचा ऑर्गन सुरात लावणे हे कारखान्याचे शेवटचे काम.

ती आली तेव्हा ऑर्गनचे छोटे दार उघडे होते. अनय आधीच आत गेला असणार. ती बसली आणि लगेच टकटक आली.

तिला नवल वाटत होते. अनय घाईचा. सूर जेमतेम लागला की तो पुढे जाई. आज तिच्या कानाला बरे वाटलेले सूरही तो पुन्हा मागत होता. सूर थरथरे, हळूहळू स्थिर होई, आणि मगच एक टकटक. शिकला एकदाचा, तिच्या मनात आले. तेही शेवटच्या दिवशी.

एकसष्टावी पट्टी आली. याच्यापुढे पट्टी नव्हती. सूर स्थिर झाला. तिने दुसरा हात झाकणावर ठेवला आणि तीन टकटकांची वाट पाहू लागली.

मागे चर्चचे दार करकरले. अनय धापा टाकत आला. हत्यारांची पिशवी त्याच्या खांद्यावरच होती.

"सॉरी ताई, व्हॅनला पार्किंगच मिळेना. तू एकटीच काय वाजवत बसलीयस? थांब, आत जातो."

मंजिरीने त्याचे मनगट धरले. पट्टीवरचे बोट तिने उचलले नाही.

"जाऊ नकोस. ऐक."

आतून टकटक आली. एकच.